पाचवी दाढी

शहराला विटलेले पोस्टमास्तर आसपासच्या गावांत घर शोधत होते. गावाची खरी बातमी सलूनवाल्याकडे, आणि खुर्चीत बसल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, हे त्यांचं ठाम मत. म्हणून सकाळपासून ही पाचव्या गावातली पाचवी दाढी. गाल सोलून निघाले होते आणि प्रत्येकाचं उत्तर एकच: "इथं नका येऊ, पुढचं गाव बघा." बाकावर बायको धुमसत होती.

या सलूनवाल्यानं उलट विचारलं, "सध्या कुठं राहता?"

"शहरात, जुन्या पुलापाशी."

"अरे देवा! तिथं माणसं राहतात?"

"का, त्याला काय धाड भरलीय?" मास्तर फेसासकट उसळले. "चोवीस तास पाणी, दारात बाजार, हाकेला शेजारी!"

बायकोनं पर्स उचलली. "अहो, मग चला की घरी."