मोठं झाल्यावर वाचायचं पुस्तक

"हे पुस्तक तुम्हीच दिलंत ना त्याला?" काकांनी कादंबरी टेबलावर ठेवली. आवाज चढला नव्हता.

"हो," मास्तर म्हणाले. "म्हटलं, इतिहासाची गोडी लागेल."

"गोडी? अहो, परवापासून पोराच्या पोटात अन्नाचा कण नाही! या वयात राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्या वाचायच्या का? कुणी भावाचे डोळे काढतोय, कुणी पुतण्याला विष घालतोय. आता माझ्याकडे चोरासारखं बघतो. भाऊ गेल्यापासून मीच सांभाळतोय ना त्याला?"

मुलांपासून खरं लपवू नये, असं मास्तरांनी जन्मभर मानलं होतं. पण आतल्या पलंगावर नऊ वर्षांचं पोर सुकून चाललं होतं.

"तुमचं ऐकतो तो. समजवा जरा." काकांनी दुधाचा पेला त्यांच्या हाती दिला.

पेला दिसताच मुलानं तोंड फिरवलं. "दाई कुठंय? आधी ती घोटभर पिते, मग मी."

"काकांनी बंद केलंय ते. कुणाचं उष्टं पिऊ नये, बाळ. रोग होतात." हे मात्र मास्तरांना मनापासून पटलं होतं.

"पुस्तकातला मुलगा माझ्याएवढाच होता, मास्तर."

"असेल. पण ती कादंबरी आहे रे! लिहिणारा तिखटमीठ लावायचाच. मी तुला कधी खोटं सांगितलंय?"

मुलानं नकारार्थी मान हलवली. मग विचारलं, "प्यायलो तर पुढचं वाचू द्याल?"

"मोठा झालास की. आपण दोघं मिळून वाचू."

मुलानं डोळे घट्ट मिटले आणि पेला एका दमात रिकामा केला. ओठांवर पांढरी मिशी उमटली. मास्तरांना हसू फुटलं. ती पुसायला ते पुढे वाकले, तर मुलाची मान त्यांच्या हातावर कलंडली.

"बाळ? अरे, बाळ! डोळे उघड!"

काका दारात आले. त्यांनी पलंगाकडे एकदा पाहिलं, मास्तरांकडे पाहिलंच नाही. मग शांतपणे सज्जात जाऊन उभे राहिले.

रोज सकाळी या मुलासाठी उठायची तीच आरोळी खालच्या अंगणातून उठली, "महाराजांचा विजय असो!"