सुनेवरचे लेख

रंगरावांना आठवलं तेव्हा आलं ठेचून घातलेल्या चहाचा घोट तोंडातच राहिला. ब्लॉगच्या तळाशी सुनेवरचे लेख होते. आणि ब्लॉग आवरायला त्यांनी बसवलं होतं सुनेलाच.

सकाळी मोठ्या ऐटीत त्यांनीच सांगितलं होतं. आठ वर्षांचे लेख नुसते तारखेने पडले होते. खड्ड्यांवरचा लेख शोधायला जावं तर मध्ये गुडघेदुखी आडवी येई. "विषयवार कप्पे कर, विजू. आमच्या टूलरूममधी प्रत्येक पान्याची आकृती फळ्यावर रंगवलेली असायची. पाना जाग्यावर नसला तरी काय न्हाई ते लांबनं दिसायचं." चाकणच्या एका कंपनीत त्यांनी फोरमनकी केली होती. निवृत्त झाले तरी फळा डोक्यातून गेला नव्हता.

विजयश्री हिंजवडीला नोकरीला होती, पण त्या दिवशी तिला सुट्टी होती. "आईंचा कप्पा करू ना?" तिने विचारलं.

"नको. कुसुमवर मला एक ओळ जमली न्हाई."

ते खरं होतं. बायको, कुसुमताई, गेल्या आणि लग्न वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं भावकीने बजावलं. मुलाचं, गणराजचं, लग्न घाईत झालं. बाईविना सुन्या झालेल्या घरात नवी मुलगी आली. रंगराव तेव्हा नुकतेच मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकले होते, आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. सून चहात आलं ठेचत नाही, किसते. डब्यात चटणी भाजीला खेटून ठेवते, वेगळ्या डबीत देत नाही. दुपारपाळी करून यावं तर दाराला आतून कडी, माणूस घरी यायचाय याची कुणाला फिकीर नाही. असे नऊ लेख. वाचणारे चारजण, त्यातले तिघे टूलरूमचे. पुढे वरून नवे लेख येत गेले आणि हे खाली दबले. स्वतः रंगरावही विसरून गेले.

आता विषय लावायचा म्हणजे एकेक लेख उघडून वाचणं आलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा. त्यांची औषधं हिच्या ध्यानात असत, गणराजशी वाजलं की बाजू हीच घेई. हिच्या मनातून आपण उतरणार, या विचाराने म्हातारा मनापासून घाबरला. कप तसाच ठेवून ते आतल्या खोलीत गेले.

"विजू, ऱ्हाऊ दे. तारखेनं होतं तेच बरं होतं."

"झालं की, बाबा. बघा." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

रस्ते, पाणी, गुडघे, टूलरूम. रंगरावांनी आधी 'सून' शोधलं. नव्हतं. 'इतर'मध्ये डोकावले. तिथेही काही नव्हतं. त्यांच्या जिवात जीव आला. हिने वाचलेच नसतील, किंवा गुपचूप पुसले असतील. मग सगळ्यात खाली नजर गेली. कुसुम (९).

"तिच्यावर काय लिवलेलं न्हाई म्हनलो होतो मी."

त्यांनी कप्पा उघडला. आलं. चटणी. कडी. नऊच्या नऊ तिथे होते, तारखेने ओळीत लावलेले.

"हे तुझ्यावरचं हाय पोरी," ते खाली बघत म्हणाले. "तवा डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. चुकलं."

"माझ्यावर कुठंय, बाबा? आलं कोण ठेचायचं? चटणी वेगळ्या डबीत कोण द्यायचं? तुम्ही येईपर्यंत कडी कोण लावायचं नाही?" तिने लॅपटॉप मिटला. "मी हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी वाचले होते. आईंना मी कधी पाहिलं नाही. पण तुमचा चहा करायला मी त्यांच्याकडूनच शिकले."