सरूबाईंनी नाव घेतलं

"मामी, आता तुम्हीच हाक मारा! मी चारदा पुकारलं, मामा काही येईनात," ज्ञानेश सरूबाईंच्या तोंडापुढं माइक धरून गयावया करत होता.

"मी न्हाई नाव घेत त्यांचं," सरूबाई म्हणाल्या आणि गोधडीत पुढचा टाका घातला.

स्वित्झर्लंडातल्या त्या बर्फाच्या डोंगरावर, स्टेशनच्या काचेच्या दालनात, शिरूर-दौंडकडची सगळी सहल एका माणसापायी खोळंबली होती. खाली जाणारी शेवटची गाडी फलाटाला लागलेली, आणि वडगाव रासाईचे कोंडिबामामा गायब!

ज्ञानेश दौंडचा पोरगा. स्वतःच्या जबाबदारीवर परदेशात आणलेली ही त्याची पहिलीच सहल, आणि कोंडिबामामांनी पहिल्या दिवसापासून त्याला घाम फोडलेला. काल तर गाईच्या गळ्यातली घंटा ऐकून मामा जे निघाले, ते थेट कुणाच्या तरी गोठ्यात सापडले, मालकाशी चक्क मराठीत दुधाच्या फॅटवर हुज्जत घालताना. ही बातमी पुण्याला सहल कंपनीच्या मालकांपर्यंत पोचली. त्यांनी फोनवरच सुनावलं, "आणखी एकदा माणूस हरवला, तर तुझी ही शेवटची सहल. मग बस दौंड स्टेशनावर वडे तळत."

बरं, बायको तरी लक्ष ठेवील म्हणावं, तर ही बाई न्यारीच. पॅरिसात टॉवरखाली लोक माना मोडेस्तोवर वर बघत होते, आणि ह्या सुईत दोरा ओवत होत्या. बोटीत सगळे फोटोसाठी धक्काबुक्की करत होते, ह्या कोपऱ्यात बसून ठिगळ जोडत होत्या. नातीची गोधडी घरी जायच्या आत पुरी करायची होती म्हणे. "मामी, जरा बाहेर बघा की!" असं म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "बघतीय की. हात शिवत्यात, डोळं मोकळंच हायेत."

आज सकाळी ज्ञानेशनं त्यांच्यापुढं हात जोडले होते. "मामी, आजचा एक दिवस मामांना सोडू नका."

"न्हाई सोडत," त्या म्हणाल्या. मग कोटाचं अस्तर उसवलंय म्हणत हॉटेलच्या दारातच मामांना पाठमोरं उभं केलं आणि खाली काठाला चार टाके घातले. झालं! एवढीच काय ती नवऱ्याची काळजी. वर आल्याबरोबर बाकावर बसून गोधडी काढली, आणि मामा पसार.

"घ्या की नाव, मामी," मांडवगणची राजश्री खुदूखुदू हसत म्हणाली. "हितं ना सासू, ना सासरा. बर्फाला काय कळतंय?"

"तुला कळतंय न्हवं?" सरूबाई फणकारल्या. "आगं, लग्नात सगळी पंगत खोळंबली, तरी घेतलं न्हवतं. चुलीमागं जाऊन बसले हुते. आता ह्या वयात घेऊ व्हय?"

त्यांच्या पिशवीतलं दोऱ्याचं रीळ सरकलं. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि शिवत राहिल्या.

बाहेर गाडीची शिट्टी झाली. दारातल्या गोऱ्या गार्डानं घड्याळावर बोट आपटलं. ज्ञानेशचा सगळा धीरच सुटला. "मामी, पाया पडतो तुमच्या. माझी नोकरी जाईल हो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रडवेला झाला.

सरूबाईंनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. सुई गोधडीत खोचली. डोक्यावरचा पदर नीट केला, माइक हातात घेतला. कानशिलं लाल झाली होती, पण आवाज खणखणीत निघाला:

"बर्फाच्या डोंगरावर गोधडीला घालते टाका,
सातासमुद्रापार मारते कोंडिबारावांना हाका!"

सगळं दालन दणाणलं. पलीकडच्या जपानी मंडळींनी तर काही न कळताच टाळ्या पिटल्या.

आणि चित्रांच्या कार्डांच्या मांडणीमागून, टोपी तिरकी झालेले, दात काढत, कोंडिबामामा बाहेर आले.

"घेतलं! घेतलं एकदाचं!" ते नाचायचेच बाकी होते. "लग्नापास्नं वाट बघतोय, लेका! म्हटलं, आज हरवल्याबिगर ही काय तोंड उघडायची न्हाई!"

वडीलधारा माणूस नसता, तर ज्ञानेशनं त्यांना तिथंच बर्फात गाडलं असतं. त्यानं दात-ओठ खात सगळ्यांना गाडीत कोंबलं. दार लागलं आणि गाडी डोंगर उतरू लागली.

मामा जत्रेतली कुस्ती मारल्यागत खूश होऊन बसल्या जागी घोरायला लागले. ज्ञानेशचा राग अजून निवला नव्हता. तो सरूबाईंच्या समोर येऊन बसला.

"मामी, ते मुद्दाम लपले होते. तुम्हाला फसवलं त्यांनी."

"व्हय का?" सरूबाई म्हणाल्या. त्या रिळाला दोरा गुंडाळत होत्या. पांढरा, गोधडीचा, चांगला पिळाचा दोरा. त्यांच्या पायाशी त्याचा हा एवढा गुंता पडला होता. गुंता सरला, दोरा ताणला, आणि ज्ञानेशची नजर त्याच्या मागोमाग गेली. दोऱ्याचं दुसरं टोक मामांच्या कोटाच्या काठाला होतं. सकाळच्या त्या चार टाक्यांत पक्कं शिवलेलं.

ज्ञानेशनं आ वासला. "म्हणजे मामा कुठं आहेत ते तुम्हाला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही? नाव तरी कशाला घेतलंत?"

सरूबाईंनी घोरणाऱ्या नवऱ्याकडं एकदा पाहून घेतलं. वाकून दातानं दोरा तोडला.

"हळू बोल, उठतील," त्या म्हणाल्या. "मलाबी कवाचं घ्यायचं हुतं नाव. पर त्ये हरवल्याबिगर घ्यायचं कसं?"