पुलाखालून

नदीकाठच्या रस्त्यावर दरड कोसळली होती. आडव्या लावलेल्या पिवळ्या फळीपाशी वॅनेटाने व्हॅन थांबवली आणि आरशात मागे पाहिलं. चाकांच्या खुर्चीत ड्वेन पोलिंग बसला होता. खुर्ची चार पट्ट्यांनी व्हॅनच्या तळाला आवळलेली. ड्वेनचा चेहराही तसाच.

"आता?" तो म्हणाला.

"आता हायवे. दुसरा रस्ता नाही, राजा."

"म्हणजे पूल."

"एकच तर पूल आहे. वरून जातो, आपण खालून."

"एकच पुरतो, मिस वॅनेटा."

लढाईवरून आलेल्या, चालता न येणाऱ्या माणसांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचं सरकारी कंत्राट तिच्याकडे होतं. बाकी सगळ्यांना ती हायवेने न्यायची. ड्वेनला मात्र नेहमी नदीकाठाने. एवढा वळसा कशाला, असं कुणी ऑफिसातून विचारलंच, तर म्हणायची, "नदी बघायला. ओहायोत आणखी आहे काय बघण्यासारखं?"

ड्वेनचा एक पाय इराकमध्येच राहिला होता. दुसऱ्याची जखम चिघळत घोट्याच्या वर चढली होती. ऑपरेशन त्याने दोनदा चुकवलं होतं. आज झालं नाही तर हाही पाय गुडघ्यापासून काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोरच बजावलं होतं.

"घरी सोडा मला," ड्वेन म्हणाला.

"सोडते की. आणि मग जन्मभर तुला उचलायला मलाच बोलवा. माझी कंबर काय सरकारने दिलीय?"

तो हसला नाही. खिडकीकडे बघत बोलू लागला.

"तिकडे इराकमध्ये ओर्टेगा आमच्या गाडीत वर उभा असायचा. गाडीच्या छताला भोक, त्यात तो आणि त्याची बंदूक. पुलावरून लोक काहीही टाकायचे खाली. म्हणून पूल आला की त्याला ओरडून सांगायचं, खाली बस. इंजिनाच्या आवाजात त्याला बाकी काही ऐकूच जायचं नाही."

"कुणी ओरडायचं?"

"जो गाडी चालवतोय त्याने."

गाडी कोण चालवत होतं, हे वॅनेटाने विचारलं नाही. तिने व्हॅन वळवली. मागून "नको" असं काही आलं नाही.

हायवेवर धुकं होतं. त्यातून पूल एकदम पुढे आला. कठड्याशी कुणीतरी कोपरं टेकून उभं होतं, हातात कप असावा. आरशात ड्वेनने दोन्ही चाकं घट्ट धरली होती. तोंड उघडलेलं, ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

"ओर्टेगा!" वॅनेटा ओरडली. "खाली बस! बस खाली!"

तिची पोरं लहान होती, नदीत फार आत जायची, तेव्हा ती असं ओरडायची. त्यानंतर आजच. पुलाची सावली काचेवरून सरकली आणि मागे गेली.

मग नुसता टायरांचा आवाज.

"बसला का?" ड्वेनने विचारलं.

तिने आरशात पाहिलं. ड्वेनच्या शेजारची जागा मोकळी होती.

"बसला."

"थोडा उशीर केलास."

वॅनेटाने स्टिअरिंगवरची बोटं सैल केली, पुन्हा आवळली.

"हो रे," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

ड्वेनने चाकं सोडली. दवाखाना येईपर्यंत तो डोळे मिटून होता. नर्स त्याला आत घेऊन गेली तेव्हा त्याने मागे न बघता हात वर केला.

त्याला काही दिवस ठेवून घेणार होते. वॅनेटा एकटीच परत निघाली. धुकं विरलं होतं, रस्ता लख्ख दिसत होता. लांबवर पुलाची बारीक रेघ उमटली. वर कुणी नव्हतं. शेजारून एक ट्रक चालला होता. ट्रकवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिने काच वर केली, आणि पूल अजून चांगला मैलभर पुढे असतानाच ओरडली.