दोन अंश, मंद पंखा

"पण आत ठेवायचं काय?" श्रीशैलने तिसऱ्यांदा विचारलं.

संगमेश्वरने खोलीची फरशी पुन्हा एकदा फडक्याने टिपली. अहमदपुरातल्या त्याच्या डेअरीचं शटर भरदुपारी अर्धं खाली होतं. मागची शीतखोली रिकामी, धुऊन पुसून कोरडी केलेली. लोखंडी रॅक बाहेर अंगणात काढून ठेवलेले. श्रीशैल सकाळपासून उदगीरला दोन मशिनी उरकून इथं आला होता. त्याची पाठ धरली होती. नवा कंट्रोलर बसवून झाला होता; सेन्सर आणि पंख्याची सेटिंग तेवढी राहिली होती.

कुटलेल्या बर्फाच्या पेल्यात थोडं पाणी घालून त्याने दोन्ही सेन्सर बुडवले. अशा बर्फात आकडा शून्यच यायला हवा. एकाचा आला. दुसरा दीडवर अडकला. तेवढा फरक त्याने कंट्रोलरमध्ये भरला.

"सांगा मालक. दुधाला चार लागतं, आइस्क्रीमला उणे अठरा. माल कळल्याशिवाय आकडा कसा टाकू?"

"गार पाहिजे. पण गोठायला नको."

"मग दोन अंश. किती दिवस?"

"उद्या दुपारपर्यंत. अक्षरा येऊन राहिली दुबईवरून. हैदराबादला उतरंल, पुढं गाडीनं. माझी बहीण येस्तोवर जसंच्या तसं राहिलं पाहिजे. एवढं करा, मिस्त्री. चुकलं तर पुन्हा करता येणार न्हाई."

"बहिणीसाठी अख्खी खोली! लगीनबिगीन हाय का काय? पेढ्याची ऑर्डर दिसती लई मोठी." श्रीशैल थकल्या आवाजात हसला. संगमेश्वर हसला नाही.

"आणि आतलं दूध?"

"वाटून टाकलं. वसतिगृहाच्या पोरांना."

"बरं. परत भराल तवा चारवर न्या, म्हंजे झालं."

"या खोलीत आता दूध न्हाई भरणार."

श्रीशैलने मान वर केली. चांगली चालती खोली होती. "हे अप्पांना विचारलं का? कुठं हायत तुमचे वडील? एरवी मी आलो की डोक्यावर उभे असतात. हा स्क्रू पीळ, तो स्क्रू पीळ."

"घरीच हायत."

श्रीशैल शिडीवर चढला. एक सेन्सर पंख्यामागच्या गार नळ्यांत खोचला. तिथं बर्फ साचला तर तो सांगणार. दुसरा हातात धरून तो खाली उतरला.

"हा खोलीचा. माल जिथं, तिथं हा पाहिजे. नाहीतर माल एकीकडं आणि आकडा भलतीकडचा. कुठं लावू?"

संगमेश्वरने समोरच्या भिंतीवर कमरेच्या जरा वर हात ठेवला. "इथं."

तिथं काहीच नव्हतं. श्रीशैलने निमूट सेन्सर लावला आणि पंखा सुरू केला. वारं थेट त्याच भिंतीवर आदळलं.

"थांबवा! थांबवा ते!" संगमेश्वर ओरडला. मग आवाज खाली आला. "मंद करा. वारं सरळ लागायला नको."

"वाऱ्याशिवाय गारवा पसरत न्हाई, मालक. किती मंद करू? माल केवढा हाय, कसा ठेवणार, ते दाखवा तरी. अंदाजानं मी न्हाई लावत."

संगमेश्वरने एकदा शटरकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तो आत गेला. भिंतीला पाठ टेकून त्याने मांडी घातली, पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"आता लावा."

श्रीशैल पंखा एकेक आकड्याने उतरवत गेला. संगमेश्वरच्या कपाळावरचे केस हलत होते. कमी हलले. मग हलायचे थांबले. तिथं त्याने आकडा पक्का केला.

"झालं. उठा आता, गारठाल."

संगमेश्वर उठला नाही. डोळे मिटूनच बोलला.

"अप्पा पहाटं गेले, मिस्त्री. तुम्ही आपल्यातलेच, तुम्हाला काय सांगायचं. आपण लिंगायत आडवं करून न्हाई नेत, समाधीला बसवूनच नेतो. सगळे म्हणून राहिले, भाड्याच्या गार पेटीत निजवा. पण अक्षरा येस्तोवर अप्पा इथं बसणार हायत."