कपाटातली घरं

बोलायला शिकवणाऱ्या बाई चार वाजता यायच्या होत्या. "पुढच्या खेपेलाही एक शब्द फुटला नाही, तर मी येऊन उपयोग नाही," असं त्यांनी गेल्या खेपेला तोंडावर सांगितलं होतं. म्हणून जेवण उरकताच म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी काचेचं कपाट उघडलं.

आत मुठीत मावतील एवढाली चिनीमातीची जुनी घरं. ज्या गावी दोघं नवरा-बायको गेली, तिथलं एकेक. दुकानात घासाघीस बायकोनं करायची आणि घरी येईपर्यंत मांडीवर सांभाळायचं मास्तरांनी, असा तीस वर्षांचा रिवाज.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अडीच महिने ती नुसती खिडकीकडे बघत पडून होती. तोंडातून ब्र नाही.

मास्तर एकेक घर तिच्या पांघरुणावर मांडू लागले. "हा सरदाराचा वाडा बघ. इथं तू चपला विसरलीस, अनवाणी स्टेशन गाठलंस." ती ढिम्म. "ही टाकसाळ. ही पुलावरची चौकी." पापणीसुद्धा हलली नाही. "आणि हे दीपगृह! बोटीत पोटातलं सगळं बाहेर आलं तुझ्या. मला केवढ्या शिव्या घातल्यास. आताही घाल ना गं. दोनच घाल."

साडेतीन वाजले. मास्तर घड्याळाकडे बघायला वळले आणि हातातलं दीपगृह निसटून फरशीवर पडलं. चक्काचूर. ते तसेच अनवाणी तुकडे वेचायला खाली वाकले.

"अहो... पाय."

मास्तर जागीच थिजले. आवाज घोगरा होता, पण तिचाच होता.

"काय म्हणालीस? पुन्हा बोल. एकदाच!"

ती खिडकीकडे बघत होती. ओठ मिटलेले.

"बाबा, काय फुटलं?" स्वयंपाकघरातून मुलीनं विचारलं.

"काही नाही. तू तिथंच थांब."

त्यांनी सरदाराचा वाडा उचलला, तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि सोडून दिला. मग टाकसाळ. मग चौकी. पांघरुणावरची संपली तेव्हा ते कपाटाकडे वळले. दोन्ही हातांत मावतील तेवढी घरं घेऊन, तुकडे तुडवत, ते पुन्हा पलंगापाशी येऊन उभे राहिले.

"बोल," ते म्हणाले, "अजून पुष्कळ आहेत."