ताईंचा फोटो

नूतनच्या अपघाताचं धुळ्याहून कळलं, त्या दिवशी मी सगळ्यांना फोन केले. निंबाभाऊंना करायचा राहून गेला.

मेंदू बघायला कसा शिकतो, हे माझी बायको नूतन बावीस वर्षं शोधत होती. निंबाभाऊ जन्मापासून आंधळे. चाळिशीत ऑपरेशन होऊन त्यांना दिसू लागलं, तरी माणसं आवाजावरूनच कळायची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते पाचोऱ्याहून मेहरूणला आमच्या घरी यायचे. नूतन त्यांच्यापुढे ओळखीच्या माणसांचे फोटो धरायची; ती कामासाठी बाहेरगावी असली की मी धरायचो. ते म्हणायचे, "नाक शे, डोया शेतस. पन कोन शे, ते समजत नही."

काल सोमवार होता. ते आले आणि भिंतीसमोर थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"नाना, ह्या ताई शेतस ना?"

"हो," मी म्हणालो.

ते खुशीत हसले. "दोन वरीसमा पहिला फोटो वळखा मी. आते त्या माले कशा नापास करतीन?" मग त्यांनी फोटोवरचा हार चाचपला. "एवढा मोठा हार! ताईस्ना सत्कार कवय व्हयना?"

फोटोला हार कधी घालतात, हे त्यांनी आजवर पाहिलेलंच नव्हतं.

"चहा टाकतो," मी म्हणालो.

जाताना ते दारातून म्हणाले, "मी वळखं, हाई ताईस्ले सांगा हां."

"सांगतो."

नूतनच्या वहीत मी तारीख घातली आणि 'फोटो ओळखला' एवढं लिहिलं. निंबाभाऊंना अजून काही सांगितलेलं नाही.